इंग्रजी पेपरचे मथळे आणि पोरांची इंग्रजी बोली, तुम्ही कशी समजून घेता?

कन्नमवारची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी विक्रोळीला राहते. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे कॉमर्स, आता एका बँकेत. इंग्रजी पत्र लिहिते, सर्क्युलर वाचते, कस्टमरशी बोलते, त्यात काही अडत नाही. दोन महिन्यांपूर्वी ठरवलं की गाडीत इंग्रजी पेपर वाचायचा आणि गाडी मथळ्यावरच अडली. आतली सगळी बातमी कळते पण वरच्या पाचसहा शब्दांचा अर्थ लागत नाही. खरं तर उलटं व्हायला हवं ना?

परवाचं सांगते. सकाळच्या स्लो गाडीत, लेडीज डब्यात, पेपरची चार पदरी घडी करून उभी होते. मथळा होता 'एचसी रॅप्स सिव्हिक बॉडी ओव्हर पॉटहोल्स'. एचसी म्हणजे हायकोर्ट, पॉटहोल्स म्हणजे खड्डे, एवढं कळलं. मधे रॅप म्हटल्यावर ते भराभर म्हणतात ते गाणं डोळ्यापुढे आलं आणि बॉडी म्हणजे मृतदेह. म्हटलं खड्ड्यात पडून कुणी गेलं की काय. मोबाईलवर शब्दकोश उघडला तर रॅप म्हणजे ठोठावणे, टकटक करणे. कोर्ट कुणाचं दार ठोठावतंय? घाटकोपर ते कुर्ला मी त्या एका ओळीवर होते. शेवटी बातमी वाचली तेव्हा कळलं की कोर्टाने पालिकेला झापलंय, बस.

दुसरी गोष्ट ऑफिसच्या ग्रुपवरची. आमच्याकडे नवीन लागलेली मुलगी आहे, गुणी आहे पोर. रात्री दहाला कुणीतरी फोटो टाकला आणि तिने खाली लिहिलं 'आय अ‍ॅम डेड'. मी लगेच फोन लावला, म्हटलं बरं नाही का गं, घरी कोणी आहे का. ती म्हणाली ताई, हसून मेले असं आहे ते.

मला मनापासून शिकायचंय. या दोन प्रकारच्या इंग्रजीसाठी काही पद्धत आहे का? की नुसतं वाचत राहिलं की आपोआप जमतं? तुम्ही कसं शिकलात ते सांगा.

चहा_कटिंग
आपोआप जमतं. पाच वर्षं लागतात फक्त.

पार्ल्याचा_बोका
+१. आणि ताई, 'आय अ‍ॅम डेड'वर फोन लावलात ते फार आवडलं. आमच्या ग्रुपवर कुणी खरंच गेलं तरी लोक अंगठा टाकतात.

लालबागचा_भाडेकरू
मला कोर्टाच्या बातम्या बऱ्यापैकी कळतात आणि त्याचं श्रेय चाळीला आहे. बावीस वर्षं आमची चाळ रिडेव्हलपमेंटमध्ये अडकलीय. माझी आई चौथी शिकलेली पण 'एचसी स्टेज डिमॉलिशन' हे तिला वाचून दाखवलं की ती लगेच म्हणते स्टे आला. एफएसआय, ओसी, पागडी, ट्रान्झिट कॅम्प, सगळे शब्द तिला पाठ आहेत. त्यामुळे माझं मत असं की विषय आपल्या जिवाशी लागलेला असला की भाषा अडत नाही. तुम्ही आधी तुमच्या जवळच्या विषयाच्या बातम्या घ्या, बँकेच्या, रेल्वेच्या, मग बाकीच्या.

कन्नमवारची
@लालबागचा_भाडेकरू, पटलं पण अर्धं. बँकेच्या बातमीतच मी फसलेय. आमच्याकडे सँक्शन म्हणजे मंजूर, दिवसातून पन्नास वेळा हा शब्द येतो, लोन सँक्शन झालं, लिमिट सँक्शन झाली. मग मथळा आला 'यूएस सँक्शन्स' अमक्या देशाच्या बँकांवर, तर मला वाटलं अमेरिकेने त्यांना काहीतरी मंजूर केलं. ते निघाले निर्बंध. एकाच शब्दाचे दोन उलट अर्थ?

मास्तर_परळ
हो, उलट अर्थांचे शब्द इंग्रजीत बरेच आहेत. ओव्हरसाइट म्हणजे देखरेखही आणि नजरचूकही. टेबल या क्रियापदाची तर कथाच आहे. ब्रिटिश इंग्रजीत ठराव टेबल केला म्हणजे चर्चेला आणला, अमेरिकन इंग्रजीत टेबल केला म्हणजे बाजूला ठेवला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांचा याच शब्दावरून बराच वेळ वाद झाला, दोघांनाही एकच गोष्ट हवी होती तरी, असं चर्चिलने लिहून ठेवलंय. आपल्या पेपरांत ब्रिटिश अर्थ चालतो, रिपोर्ट सभागृहात टेबल झाला म्हणजे मांडला.

मूट शब्दही तसाच. आपल्याकडे 'पॅनेल मूट्स न्यू रूट' म्हणजे समितीने नवा मार्ग सुचवला. अमेरिकन माणूस एखादी गोष्ट मूट आहे म्हणाला तर आता त्यावर बोलण्यात अर्थ नाही असं त्याला म्हणायचं असतं.

शाई_आणि_कात्री
ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी एकतीस वर्षं फोर्टमधल्या एका इंग्रजी पेपरात डेस्कवर उपसंपादक होतो, मथळे देणं हेच काम. त्यामुळे तुम्ही घाटकोपर ते कुर्ला ज्या ओळीवर अडलात तसल्या ओळी मी हजारोंनी लिहिल्यात.

पहिली गोष्ट ही समजून घ्या की मथळ्याची इंग्रजी ही बोलायची इंग्रजी नाहीच. घरात, ऑफिसात कुणीही 'माय बॉस रॅप्ड मी' म्हणत नाही. ती जागेच्या टंचाईतून जन्मलेली भाषा आहे. कॉलम अरुंद, अक्षरं मोठी, आणि बातमी तर सांगायचीच. आम्ही अक्षरं मोजायचो. साधं अक्षर एक, आय आणि एल बारीक म्हणून अर्धं, एम आणि डब्ल्यू जाड म्हणून दीड. एका कॉलममध्ये ओळीला नऊदहा अक्षरं बसायची. आता इन्व्हेस्टिगेशन शब्दाला तेरा अक्षरं लागतात, प्रोबला पाच. मग चौकशी म्हटली की प्रोब. भांडण म्हटलं की रो लिहायचं, तीन अक्षरांत काम. उच्चार मात्र 'राव' करायचा, खुर्च्यांची ओळ असेल तेव्हा 'रो'. अटक म्हटली की हेल्ड किंवा नॅब. कॉम्प्युटर आल्यावर अक्षर लहानमोठं करता यायला लागलं तरी शब्द तेच राहिले, कारण तोवर वाचकाला आणि आम्हालाही त्यांची सवय झाली होती.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. हे चार नियम लक्षात ठेवले की अर्धा डोंगर उतरला. घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात लिहितात, म्हणजे काल झापलं तरी 'रॅप्स'. पुढे होणारी गोष्ट 'टू' लावून लिहितात, 'मेट्रो टू रन लेट' म्हणजे मेट्रो उशिरापर्यंत धावणार. कर्मणी प्रयोगातलं सहायक क्रियापद गाळतात, 'फोर हेल्ड' म्हणजे चौघांना धरलं, चौघांनी कुणाला धरलं नाही. आणि स्वल्पविराम म्हणजे 'आणि'. अ, अ‍ॅन, द तर सहसा नसतातच.

तुमच्या रॅपबद्दल. तुमच्या शब्दकोशाने खोटं सांगितलं नाही, अर्धवट सांगितलं. जुन्या शाळेत मास्तर पोराच्या बोटांच्या सांध्यांवर पट्टी मारायचे ना, तो रॅप. कोर्टाने पालिकेच्या बोटांवर पट्टी मारली. आणि सिव्हिक बॉडी म्हणजे नागरी संस्था, महानगरपालिका.

पार्ल्याचा_बोका
काका, हे नुसतं पट्टीचं सांगितलंत आणि तो शब्द मी आयुष्यात विसरणार नाही. अजून सांगा ना असे.

शाई_आणि_कात्री
घ्या. प्रोब ही मूळची डॉक्टरची सळई, जखम किती खोल ते बघायची. फ्ले म्हणजे कातडं सोलणं, विरोधी पक्षनेता सरकारला फ्ले करतो. स्लॅम म्हणजे दार धाडकन आपटणं, मथळ्यात सडकून टीका. अ‍ॅक्स म्हणजे कुऱ्हाड, 'हंड्रेड जॉब्ज अ‍ॅक्स्ड' म्हणजे शंभर नोकऱ्या गेल्या. नॉड म्हणजे मान डोलावली, मंजुरी. ग्रिल तुम्हाला माहीतच आहे, नाक्यावरचा सँडविचवाला दोन पत्र्यांत दाबून भाजतो तसं, 'कॉप्स ग्रिल टू' म्हणजे पोलिसांनी दोघांची कसून चौकशी केली. सॉप म्हणजे दुधात किंवा रश्श्यात बुडवलेला पावाचा तुकडा, भुंकणाऱ्याला गप्प करायला टाकतात तो. निवडणुकीआधी मतदारांना खूश करायला 'पोल सॉप्स' येतात ते हे.

कोकणकन्या
थांबा थांबा, हे सगळं आपल्या मराठी पेपरात पण आहे की! फ्ले म्हणजे सालटी काढली. अ‍ॅक्स म्हणजे नोकऱ्यांवर कुऱ्हाड. नॉड म्हणजे हिरवा कंदील. नॅब म्हणजे मुसक्या आवळल्या. हेल्ड म्हणजे गजाआड किंवा चतुर्भुज. रॅप म्हणजे ताशेरे ओढले. मुंबईत वाढलेल्या कुठल्या माणसाने घरात 'ताशेरे' हा शब्द वापरलाय सांगा, तरी पेपरात वाचला की क्षणात कळतो.

माझा नवरा हिंदी शाळेतला. त्याने लग्नानंतर मराठी पेपर सुरू केला तेव्हा 'लाचखोर तलाठी जाळ्यात' वाचून मला विचारलं की तलाठी मासेमारीला गेला होता का. आणि 'चोरट्यांचे धाबे दणाणले' वाचून त्याला वाटलं हायवेवरच्या ढाब्यात काहीतरी मोठा आवाज झाला. म्हणजे जी अडचण ताईंना इंग्रजीत येतेय तीच बाहेरच्या माणसाला आपल्या मराठीत येते. आपण लहानपणापासून वाचत आलो म्हणून आपल्याला ती वेगळी भाषा वाटतच नाही.

शाई_आणि_कात्री
@कोकणकन्या, लाख बोललात. एकतीस वर्षं मथळे दिले पण तुमच्यासारखं शेजारी शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं.

सीएसएमटी_ते_कसारा
'बेस्ट फेअर हाइक'. माझा भाचा नागपूरहून आला होता, म्हणाला मामा, सगळ्यात चांगली भाडेवाढ म्हणजे कोणती? त्याला बेस्ट ही बस आहे हेच माहीत नव्हतं. आणि दुसरा भाचा ट्रेकवाला, त्याला हाइक म्हणजे राजमाचीच दिसते.

पार्ल्याचा_बोका
हाहा. शेअर बाजारवाल्यांचं पण बघा, 'सेन्सेक्स टँक्स'. आमच्या आजोबांना टँक म्हणजे गच्चीवरची टाकी. गडगडला म्हणायचंय त्यांना.

मालाड_नाइटशिफ्ट
मथळ्यांचं बरंच झालं, आता दुसऱ्या भागाबद्दल बोलतो कारण तो माझा रोजचा आहे. मी नऊ वर्षं कॉल सेंटरला काढली, अमेरिकन कस्टमर. पहिल्याच महिन्यात एका बाईंना सांगितलं की तुमचा दंड माफ झालाय, तर त्या ओरडल्या 'शट अप!' मी गप्प. खरंच गप्प बसलो. मग चार वेळा सॉरी म्हटलं. त्या बिचाऱ्या गोंधळल्या, म्हणाल्या मी खूश आहे रे. 'शट अप' म्हणजे काय सांगतोस! आपण नाही का म्हणत, चल काहीतरीच, तसं. दुसरं 'आय अ‍ॅम गुड'. अजून काही मदत हवी का विचारलं की ते म्हणतात आय अ‍ॅम गुड, म्हणजे नको, झालं माझं. मला वाटायचं तब्येत सांगतायत.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला उच्चार शिकवले, र कसा गोल करायचा ते शिकवलं, पण हे कुणी शिकवलं नाही. आमच्या मजल्यावर मग आम्हीच एक वही ठेवली, ज्याला जो नवा शब्द ऐकू येईल तो त्याने तारीख टाकून लिहायचा आणि कस्टमर तेव्हा खूश होता की चिडलेला तेही लिहायचं. अर्थापेक्षा ते दुसरं जास्त कामाला आलं. उदाहरणार्थ पिस्ड. अमेरिकन म्हणाला तर चिडलाय, ब्रिटिश म्हणाला तर प्यायलाय.

आज्जी_दादर
मी एकाहत्तर वर्षांची आहे आणि मी जरा वेगळं म्हणणार आहे. पेपरची भाषा शिकावी, ती उपयोगाची आहे, पन्नास वर्षांनी पण तीच असेल. पण ही पोरांची बोली शिकायच्या मागे लागू नये. आमच्या वेळी कॉलेजात ग्रूव्ही म्हणायचे, आज कुणी म्हणतं का? नातीने शिकवलेला शब्द मी पाठ करेपर्यंत ती म्हणते आजी, आता हे कोणी नाही म्हणत. चाळिशीतल्या बाईने ऑफिसात तसं बोलायला जाऊ नये, शोभत नाही.

बारावी_ब
आजी, सॉरी पण मला नाही पटलं. तुम्ही म्हणताय बोलू नये, ठीक आहे, माझे बाबा 'नो कॅप' म्हणाले तर मला पण कसंतरी होईल. पण समजायला पाहिजे ना. माझ्या मैत्रिणीने मधे तीन दिवस स्टेटसला काय काय लिहिलं होतं आणि तिच्या आईला वाटलं की नुसते विनोद आहेत. ते विनोद नव्हते. कुठला शब्द मस्करीत आहे आणि कुठला खरा हे घरच्यांना कळावं असं मला खरंच वाटतं.

मी थोडे लिहून देते. नो कॅप म्हणजे खोटं नाही, आईशप्पथ. सस म्हणजे यात काहीतरी झोल आहे. सॉल्टी म्हणजे मिरची लागलीय. घोस्ट केलं म्हणजे काही न सांगता कल्टी मारली, मेसेजला उत्तरच नाही. रिझ म्हणजे पटवायची कला, करिझ्मामधून आलाय. लोकी म्हणजे आतून थोडंसं पण उघड सांगायचं नाहीये. सिक म्हणजे भारी, आजारी पण असू शकतं, पुढचं वाक्य बघायचं. आणि ताई, 'आय अ‍ॅम डेड'ला तुम्ही फोन केलात ते चुकीचं नाही वाटलं मला. मला कोणी केला असता तर आवडलं असतं.

आज्जी_दादर
बाळा, तुझ्या मैत्रिणीचं वाचून मी माझं अर्धं म्हणणं मागे घेते. समजून घ्यावं, बोलायला जाऊ नये. एवढ्यावर थांबते. मैत्रीण बरी आहे ना आता?

बारावी_ब
हो आजी. आता आईला सगळं सांगते ती.

मास्तर_परळ
@बारावी_ब, झोल, कल्टी, मिरची लागली, ही तुझी यादी फार आवडली, शब्दकोशात असे जोड मिळत नाहीत. एक भर घालतो. सस हा शब्द मोबाईल गेममधून आला असं पोरांना वाटतं. तो २०२० मध्ये एका गेममुळे जगभर पसरला हे खरं, पण शब्द जुना आहे. इंग्लंडमध्ये १८२४ चा भटक्यांविरुद्धचा कायदा होता, त्याच्या आधारे पोलीस नुसत्या संशयावरून रस्त्यात माणूस उचलायचे. त्याला लोक 'सस लॉ' म्हणायचे. काळ्या तरुणांना त्याचा फार त्रास झाला आणि १९८१ मध्ये ते कलम रद्द झालं. नो कॅप आणि तसले बरेच शब्द अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या बोलीतून आलेत. शब्द उचलताना तो कुणाच्या घरातून आला हे ठाऊक असावं, वर्गात मी हे आवर्जून सांगतो.

आणि आजी, सगळेच शब्द नवे नसतात. ऑक्सफर्डने २०२४ चा शब्द म्हणून ब्रेन रॉट निवडला, मोबाईलवर फालतू काहीबाही बघून डोकं सडतं ते. तो थोरो या अमेरिकन लेखकाने १८५४ मध्येच वापरलेला आहे.

चहा_कटिंग
गोट कोणी घेतला नाही अजून. आमच्या मैदानावर एका पोराच्या बाबांनी कोचला मेसेज केला 'सर यू आर गोट'. आमचे कोच जुने शिवाजी पार्कवाले, आठवडाभर त्या पोराला नेटमध्ये बॅटिंग मिळाली नाही. आपल्याकडे बकरा म्हणजे ज्याला फसवलं तो, आणि तिकडे गोट म्हणजे आजवरचा सर्वोत्तम.

मास्तर_परळ
आणि तो शब्द खेळातूनच आला. ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइमची आद्याक्षरं. मुहम्मद अलीच्या बायकोने १९९२ मध्ये त्याच नावाची कंपनी काढली होती. कोचना दाखवा हे.

चहा_कटिंग
दाखवलं. उद्या पोराला बॅटिंग आहे.

सीएसएमटी_ते_कसारा
विषयांतर करतो, माफी असावी. आपण इंग्रजीचं इतकं बोलतोय पण त्यांनीही आपल्याकडून बरंच उचललंय. लूट, ठग, डकॉइट, सगळे इकडचे. आणि मुंगूस! इंग्रजीतला माँगूस हा आपल्या मराठी मुंगसावरून गेलाय, कुठल्याही चांगल्या इंग्रजी कोशात त्यापुढे मराठी असं लिहिलेलं असतं. मला याचा फार आनंद होतो.

पार्ल्याचा_बोका
इकडच्या पेपरातले मोर्चा, बंद, रास्ता रोको, लाख, कोटी हे लंडनच्या माणसाला कळणार नाहीत. प्रीपोन पण आपलाच, हिस्ट्रीशीटर पण. मुंबईचा इंग्रजी पेपर त्याच्या हातात दिला तर तो पण घाटकोपर ते कुर्ला अडकेल.

शाई_आणि_कात्री
अहो, इंग्रजी घरात जन्मलेली माणसंही अडकतात. जपान एअरलाइन्सचं विमान १२ ऑगस्ट १९८५ ला कोसळलं, ५२० माणसं गेली. त्यात वडील गमावलेली एक मुलगी पुढे व्हायोलिनवादक म्हणून नावारूपाला आली. २००९ मध्ये तिच्यावर मथळा आला, 'व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जेएएल क्रॅश ब्लॉसम्स'. म्हणायचं होतं की अपघाताशी नातं असलेली व्हायोलिनवादक बहरतेय. वाचणाऱ्यांना वाटलं 'क्रॅश ब्लॉसम्स' नावाची कसली तरी फुलं आहेत आणि तिचा त्यांच्याशी संबंध आहे. तेव्हापासून असल्या फसव्या मथळ्यांना क्रॅश ब्लॉसम असंच नाव पडलं. आणि १७ जुलै १९३५ चा अमेरिकेतल्या व्हरायटी पेपरचा 'स्टिक्स निक्स हिक पिक्स' तर जगप्रसिद्ध, खेड्यातले प्रेक्षक खेडवळ सिनेमे नाकारतात एवढंच म्हणायचं होतं त्यांना.

ताई, अडलात की क्रियापद शोधा. ब्लॉसम्स हे क्रियापद आहे असं धरलं की सगळं उलगडतं. मथळ्यात बहुतेक वेळा एकच खरं क्रियापद असतं, ते सापडलं की डावीकडे कर्ता, उजवीकडे कर्म.

कोकणकन्या
मला एक सुचतंय ताई. घरी मराठी पेपर येतो ना? मग एकच बातमी दोन्हीकडे बघा. सकाळी आधी मराठी मथळा वाचायचा, मग गाडीत त्याच बातमीचा इंग्रजी मथळा शोधायचा. बातमी आधीच माहीत असते त्यामुळे शब्द बरोबर जागेवर बसतो. शब्दकोश रॅपला ठोठावणे म्हणेल, मराठी पेपर सरळ ताशेरे म्हणेल. माझ्या नवऱ्याला मी मराठी असंच शिकवलं, हिंदी पेपर शेजारी ठेवून.

मास्तर_परळ
हे तर आपल्या मुंबईचंच जुनं काम! ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी इथून दर्पण सुरू केलं तेव्हा एका पानावर दोन कॉलम होते, एक इंग्रजी, एक मराठी, तोच मजकूर शेजारी शेजारी. जांभेकर तेव्हा विशीतले. सहा जानेवारीला पत्रकार दिन म्हणून आपण हार घालतो पण ती दोन कॉलमची युक्ती शिकायला किती उपयोगाची आहे हे विसरतो. ताई, नक्की करा हे.

चहा_कटिंग
मी आधी पाच वर्षं म्हटलं होतं. आता सहा महिने म्हणतो.

कन्नमवारची
तीन आठवड्यांनी परत येतेय, सगळ्यांचे आभार मानायचे राहिले होते. कोकणकन्या, तुमची पद्धत सुरू केली. शंभर पानी वही घेतली, पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारली, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. मालाडच्या दादांचं ऐकून तिसरी बारीक जागा पण ठेवलीय, तिथे मूड लिहिते, राग, कौतुक, धमकी, विनवणी.

आतापर्यंत त्रेसष्ट जोड्या झाल्यात. 'गव्हर्नमेंट मल्स' समोर 'सरकारच्या विचाराधीन'. 'वूज व्होटर्स' समोर 'मतदारांना गोंजारले'. 'किन' समोर 'नातलग', हा तर मला माणसाचं नाव वाटायचा. 'क्रॅकडाउन' समोर 'बडगा'. 'स्नब्ड' समोर 'डावलले'. 'रॅकेट बस्टेड' समोर 'टोळीचा पर्दाफाश'. काही वेळा दोन्ही पेपर एकाच गोष्टीला वेगळा रंग देतात तेही दिसायला लागलं. परवा एका संपाच्या बातमीत इंग्रजीत होतं 'कम्यूटर्स हिट', प्रवाशांचे हाल, आणि मराठीत 'कामगार मागण्यांवर ठाम'. संप एकच. हे मला आधी कधीच दिसलं नसतं.

ऑफिसातल्या त्या मुलीला पण वहीचं सांगितलं. ती मागची पानं भरते, तिचे शब्द, आणि समोर मी मराठी लिहिते. 'स्पिल द टी' समोर मी 'खबर काढ' लिहिलं तर म्हणाली नाही ताई, 'आतली गोष्ट सांग', ती पुढच्याने सांगायची असते. मग खोडून तिचं लिहिलं. 'आय अ‍ॅम डेड' समोर 'हसून हसून मेले', तेवढंच सोपं होतं. आपल्याकडे आधीपासून होतंच की ते.

एक मात्र अडलंय. काल मथळा होता, कुठल्यातरी बंदची बातमी, 'बंद अ डॅम्प स्क्विब'. बंद फसला हे बातमीवरून कळलं. स्क्विब म्हणजे काय? आणि मराठीत काय लिहू? आमच्या मराठी पेपरात ती बातमीच नव्हती.

लालबागचा_भाडेकरू
संमिश्र प्रतिसाद.

शाई_आणि_कात्री
संमिश्र नाही, त्यापेक्षा वाईट. स्क्विब म्हणजे छोटा फटाका, डॅम्प म्हणजे दमट. पावसात भिजलेला फटाका, वात पेटते आणि पुढे काही होत नाही. खुद्द इंग्रज लोकही तो नीट न ऐकता स्क्विड म्हणतात, म्हणजे दमट माकूळ.

आज्जी_दादर
फुसका बार. लिही.